मिलिंग यंत्र, जुने : छंद-धातुकामासाठी निवड

मिलिंग यंत्र, जुने : अनेक धारा असलेले कर्तक वेगाने फिरवून त्याखाली धातूची कार्यवस्तू सरकवीत तिला हवा तो आकार देणाऱ्या यंत्रास मिलिंग यंत्र किंवा चक्री कर्तन यंत्र म्हणतात. लेथमध्ये कार्यवस्तू फिरते व हत्यार फिरत नाही. मिलिंग यंत्रात याच्या उलट असते. त्यामुळे लेथवर मुख्यतः गोल वस्तू, तर मिलिंग यंत्रावर सपाट पृष्ठे, काटकोनी ठोकळे, खाचा, चावीचे गाळे, दंतचक्रांचे दाते इ. करता येतात. कारखान्यात वापरून झालेले असे यंत्र छंद म्हणून धातुकाम करणाऱ्या व्यक्तीने विकत घ्यावे किंवा नाही, हा प्रश्न यंत्राच्या किमतीपुरता मर्यादित नसतो. यंत्राची झीज, वीजपुरवठा, जागा, जोडसाहित्य आणि करावयाच्या कामाचे स्वरूप या सर्वांचा त्यात एकत्र विचार करावा लागतो. एक टन वजनाची वस्तू घरी आणल्यावर ती परत करणे सहसा शक्य नसते. म्हणून हा विचार खरेदीपूर्वीच पुरा होणे आवश्यक असते.

रचना व प्रकार : नेहमीच्या मिलिंग यंत्रात बिडाचा उभा स्तंभ, त्याच्या पुढील बाजूस वरखाली सरकणारा गुडघा, गुडघ्यावर आतबाहेर सरकणारे सॅडल व सॅडलवर डावीउजवीकडे सरकणारे मेज असते. अशा रीतीने कार्यवस्तू परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन दिशांनी हलविता येते. कर्तक ज्यात बसवितात तो तर्कू आडवा असल्यास आडवे व उभा असल्यास उभे मिलिंग यंत्र म्हणतात. आडव्या यंत्राचे मेज उभ्या अक्षाभोवती काही अंशांतून वळविता येत असल्यास त्यास सार्वत्रिक यंत्र म्हणतात. उभा तर्कू व त्याचे चलित्र एका शीर्षात बसवून ते शीर्ष कलते करता येईल आणि पुढेमागे सरकविता येईल, अशी रचना असलेल्या यंत्रास टरेट मिलिंग यंत्र म्हणतात. भारतीय बाजारात ते ‘एम-१-टी-आर’ या नावाने ओळखले जाते. मध्यम आकाराच्या टरेट यंत्राचे वजन साधारण एक टन असते. आडवी व सार्वत्रिक औद्योगिक यंत्रे दोन टन किंवा त्याहूनही जड असतात. मेजावर ठेवण्याजोगी छोटी यंत्रे ५० ते १५० किग्रॅ. वजनाची असतात.

वजनाचा हा फरक केवळ सोयीचा नाही. कर्तकाचा प्रत्येक दाता धातूवर आघात करतो. हे आघात सोसण्याइतकी यंत्राची काया ताठ नसेल, तर थरथर उत्पन्न होऊन पृष्ठ खडबडीत होते व कर्तकाच्या धारा तुटतात. बिडाचा जाड सांगाडा असे कंपन चांगले शोषून घेतो. हलक्या नव्या यंत्रापेक्षा जड जुने यंत्र अनेकांना अधिक योग्य वाटते, त्याचे कारण हे आहे.

इतिहास : अमेरिकेतील बंदुका बनविणाऱ्या कारखान्यांत एकसारखे सुटे भाग काढण्याच्या गरजेतून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिलिंग यंत्र विकसित झाले. पहिल्या यंत्राचे श्रेय पूर्वी ईलाय व्हिटनी यांना देत असत व त्यासाठी १८१८ हे वर्ष सांगितले जाई. परंतु त्याच सुमारास इतर कारागिरांनीही अशी यंत्रे वापरात आणली होती, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. पिळाच्या गिरमिटांवरील सर्पिल खाचा कापण्यासाठी जोसेफ ब्राउन यांनी १८६१–६२ मध्ये सार्वत्रिक मिलिंग यंत्र तयार केले. टरेट पद्धतीचे ‘ब्रिजपोर्ट’ यंत्र रूडॉल्फ बॅनो यांच्या कल्पनेतून (१९३६) पुढे आले आणि १९३८ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. पुढे अनेक देशांत त्याच्या प्रतिकृती निघाल्या. अंकीय नियंत्रणावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये दाखविण्यात आले.

भारतात बंगलोर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) हा सरकारी उद्योग १९५३ मध्ये व भारत फ्रिट्झ वेर्नर हा उद्योग १९६१ मध्ये स्थापन झाला. एचएमटीची ‘एफएन’ मालिकेतील आडवी, उभी व सार्वत्रिक मिलिंग यंत्रे देशभरच्या कारखान्यांत व प्रशिक्षण संस्थांत गेली. पंजाबातील बटाला व लुधियाना, तसेच गुजरातमधील राजकोट येथील लघुउद्योगांनीही स्वस्त यंत्रे मोठ्या प्रमाणात तयार केली. आज जुन्या बाजारात मिळणारी यंत्रे बहुतांशी या उगमांतून आलेली असतात. त्याखेरीज परदेशातून आयात केलेली जुनी यंत्रेही आढळतात.

छंद म्हणून धातुकाम करण्याची परंपरा इंग्लंडमध्ये विशेष रुजली. लंडन येथे १८९८ मध्ये ‘मॉडेल एंजिनियर’ हे नियतकालिक निघू लागले व त्याच वर्षी छांदिष्टांची एक संस्थाही स्थापन झाली. वाफेच्या एंजिनांच्या चालत्या प्रतिकृती, घड्याळे, दुर्बिणींची बैठक, जुन्या वाहनांचे न मिळणारे सुटे भाग, कर्तक धरण्याची साधने इ. वस्तू असे छांदिष्ट तयार करतात. महाराष्ट्रात पुणे येथील ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) यासारख्या संस्थांच्या परिघात दुर्बीण घरी तयार करण्याची आवड जोपासली गेली. आरशाची घासाई हाताने होते. परंतु दुर्बिणीच्या बैठकीचे अचूक भाग करण्यासाठी लेथ व मिलिंग यंत्र यांची गरज भासते.

बिडकीन परिसरातील परिस्थिती : बिडकीन हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील गाव जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून सु. २५ किमी.वर पैठण रस्त्यावर वसले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) चिकलठाणा, वाळूज इ. वसाहती त्याच्या आवाक्यात आहेत. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यावर त्याला सुटे भाग पुरविणारे अनेक लहानमोठे कारखाने या भागात उभे राहिले. साचे, पकडसाधने व सुटे भाग यांसाठी हाताने चालविण्याची मिलिंग यंत्रे त्यांना लागत. पुढे संगणकनियंत्रित यंत्रे आल्यावर हे काम हळूहळू त्यांच्याकडे गेले व हस्तचालित यंत्रे कोपऱ्यात पडू लागली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रास समर्पित करण्यात आले. नव्या कारखान्यांत हस्तचालित यंत्रांना फारसे स्थान नसते. दुसरीकडे, चिकलठाणा येथील इंडो-जर्मन टूल रूम व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतून शिकलेले अनेक कारागीर या भागात राहतात.

यामुळे अशा गावातील छांदिष्टाची स्थिती दुहेरी असते. जुने यंत्र त्याला दूरच्या शहरातून आणावे लागत नाही, ते चालू स्थितीत पाहता येते व पारख करणारा जाणकारही जवळ मिळतो. मात्र मजुरीवर मिलिंग करून देणारे कारखानेही तितकेच जवळ असतात. म्हणून स्वतःचे यंत्र घेण्याची गरज त्याला स्वतःशीच अधिक काटेकोरपणे ठरवावी लागते.

खरेदीचे मार्ग : जुनी यंत्रे मुख्यतः तीन मार्गांनी मिळतात. पहिला मार्ग थेट कारखानदाराकडून घेण्याचा होय. यात यंत्रावर कोणते काम होत होते, हे चालविणाऱ्या कामगाराकडून कळू शकते. दुसरा मार्ग जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याचा होय. व्यापारी यंत्र धुऊनपुसून रंगवितो. नवा रंग पाहण्यास चांगला असला, तरी त्याखाली भेगा व वेल्डिंगची डागडुजी दडू शकते. तिसरा मार्ग लिलावाचा होय. सरकारी व सार्वजनिक उद्योगांतील निर्लेखित यंत्रे एमएसटीसीसारख्या सार्वजनिक कंपनीमार्फत व थकबाकीदारांची यंत्रे बँकांमार्फत विकली जातात. अशी विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असल्याने नंतर तक्रारीस जागा राहत नाही. कोणत्याही मार्गाने खरेदी केली, तरी पावती घेणे आणि यंत्र बँकेकडे नजरगहाण नाही याची खात्री करून घेणे आवश्यक असते.

किंमत ठरविताना भंगाराचा भाव हा तळ समजतात. यंत्राचे वजन व बिडाचा चालू भंगार भाव यांचा गुणाकार केल्यास, यंत्र निरुपयोगी निघाले तरी परत मिळू शकणारी रक्कम कळते. मागितलेली किंमत या तळापासून जितकी वर, तितकी यंत्राची परीक्षा अधिक कसून करणे इष्ट ठरते.

यंत्राची परीक्षा : जुन्या यंत्राचे मूल्य त्याच्या वयावर नव्हे, तर झिजेवर अवलंबून असते. प्रशिक्षण संस्थेतील तीस वर्षांचे यंत्र अल्प वापरामुळे चांगले राहिलेले असू शकते, तर तीन पाळ्यांत चाललेले दहा वर्षांचे यंत्र झिजून गेलेले असू शकते. परीक्षेसाठी डायल गेज व त्याचा चुंबकीय आधार, काटकोन, विजेरी आणि लाकडी दांडा एवढी साधने पुरतात.

(१) सरकपृष्ठे : यंत्र तयार करताना सरकपृष्ठांवर स्क्रेपरने बारीक ठसे उमटविलेले असतात. हे ठसे मेजाच्या टोकांकडे दिसत असून मधल्या भागात पुसले गेले असतील, तर झीज मध्यभागी झाली असे समजावे. मेजाची गिब पट्टी मध्यावर घट्ट करून मेज दोन्ही टोकांकडे न्यावे. टोकांकडे ते अडू लागले, तर सरकपृष्ठे असमान झिजली आहेत हे निश्चित होते. पट्टी आवळून ही झीज दूर होत नाही. त्यासाठी पृष्ठे पुन्हा शाणन करून किंवा खरवडून घ्यावी लागतात व हा खर्च पुष्कळदा यंत्राच्या किमतीएवढा होतो. मेज, सॅडल व गुडघा या तिन्हींची अशी परीक्षा करणे जरूर असते.

(२) मळसूत्रे व नट : हातचाक उलट फिरविल्यावर मेज हलू लागण्यापूर्वी जी मोकळी चाल जाते, तिला कारखान्यातील भाषेत ‘प्ले’ म्हणतात. हाताने चालविण्याच्या यंत्रात ०·१ ते ०·२ मिमी. प्ले सामान्य मानतात. तो मध्यावर अधिक व टोकांवर कमी असेल, तर मळसूत्र मध्ये झिजले आहे असे होते. तो सर्वत्र सारखा व अधिक असेल, तर दोष नटाचा असतो. कांस्याचा नट नव्याने करून घेता येतो. म्हणून हा दोष तुलनेने सौम्य होय. मेजाला अंकीय वाचनपट्टी बसविल्यास मोजमाप बरोबर मिळते, परंतु प्ले नाहीसा होत नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

(३) तर्कू व धारवे : तर्कूच्या निमुळत्या पोकळीत डायल गेजचा स्पर्शक टेकवून तर्कू हाताने फिरविल्यास काट्याची हालचाल सु. ०·०१ मिमी.च्या आत असावी. ती ०·०५ मिमी.पर्यंत गेल्यास धारवे किंवा पोकळी बिघडली आहे असे मानतात. तर्कूखाली लाकडी दांडा लावून वर उचलल्यास त्याची उभी मोकळीक कळते. नंतर यंत्र सर्वाधिक वेगाने १५ ते २० मिनिटे चालवावे. धारव्यांजवळचा भाग कोमट होणे स्वाभाविक आहे. हात ठेवता येऊ नये इतका तापल्यास किंवा खरखर ऐकू आल्यास धारवे बदलावे लागतात.

(४) गतिपेटी : सर्व वेग एकेक करून लावून पाहतात. एखाद्याच वेगाला ठराविक अंतराने ठोका पडत असेल, तर त्या जोडीतील दाता तुटला आहे असे समजावे. मेज आपोआप सरकविणारी यंत्रणा दोन्ही दिशांनी चालते किंवा नाही, तेही पाहणे आवश्यक असते.

(५) सांगाडा व मेज : मेजावरील गिरमिटांच्या खुणा दिसण्यास वाईट असल्या, तरी कामात फारसा अडथळा आणत नाहीत. त्यांवरून यंत्र कसे हाताळले गेले, एवढे मात्र समजते. ‘टी’ आकाराच्या खाचांचे ओठ तुटलेले असणे व बिडाच्या भागांना भेगा असणे हे गंभीर दोष होत. तेलाच्या नळ्या तुंबलेल्या असल्यास सरकपृष्ठे बराच काळ कोरडी चालली असण्याचा संभव असतो.

(६) कर्तक धरण्याची पद्धत : तर्कूची पोकळी प्रचलित मापाची असणे फार महत्त्वाचे आहे. टरेट यंत्रांत ‘आर ८’ व मोठ्या यंत्रांत ‘आयएसओ ४०’ या पोकळ्या प्रचलित असून त्यांचे कोलेट व पकडी सहज मिळतात. कालबाह्य मापाची पोकळी असलेले यंत्र इतर बाबतींत उत्तम असले, तरी त्याची प्रत्येक पकड मुद्दाम करून घ्यावी लागते. जुन्या ब्रिटिश व अमेरिकन यंत्रांची मळसूत्रे व अंशपट्ट्या इंचांत असतात. दशमान पद्धतीत काम करणाऱ्यास प्रत्येक वेळी रूपांतर करावे लागते व त्यात चुका संभवतात.

शेवटी विक्रेत्याच्या परवानगीने नरम पोलादाचा ठोकळा प्रत्यक्ष कापून पाहणे ही सर्वांत विश्वसनीय परीक्षा होय. पृष्ठावर लाटा उमटतात काय, मेज अडखळते काय व लगतच्या दोन बाजू काटकोनात येतात काय, यावरून वरील बहुतेक दोष एकदमच उघड होतात.

वीजपुरवठा : औद्योगिक यंत्रांची चलित्रे बहुधा तीन फेजच्या ४१५ व्होल्ट पुरवठ्यावर चालतात. घरगुती पुरवठा एक फेजचा व २३० व्होल्टचा असतो. खेड्यांत गावठाणाची व कृषिपंपांची वीजवाहिनी पुष्कळ ठिकाणी वेगळी केलेली आहे. कृषिवाहिनीवरील तीन फेजचा पुरवठा ठरावीक तासच मिळतो. शिवाय शेतीसाठी मंजूर झालेल्या जोडणीवर इतर यंत्र चालविणे हा विद्युत् अधिनियम, २००३ मधील कलम १२६ अनुसार अनधिकृत वापर ठरतो. म्हणून शेतातील विहिरीजवळच्या खोलीत यंत्र बसविण्याचा मोह टाळणे श्रेयस्कर असते.

यावर दोन उपाय आहेत. महावितरणकडून तीन फेजची रीतसर जोडणी घेणे हा पहिला उपाय होय. दुसरा उपाय, एक फेजचा पुरवठा घेऊन तीन फेजचा पुरवठा देणारे वारंवारता नियंत्रक म्हणजे ‘व्हीएफडी’ हे उपकरण बसविणे. साधे व्हीएफडी २३० व्होल्टच देते. उलट भारतातील ३ अश्वशक्तीपर्यंतची बरीच चलित्रे आतूनच तारा जोडणीत बांधलेली असून त्यांची फक्त तीन टोके बाहेर काढलेली असतात. चलित्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून सहा टोके बाहेर काढून घेऊन त्रिकोण जोडणी केल्यास ४१५ ला ३ च्या वर्गमूळाने भागून येणाऱ्या, म्हणजे सु. २४० व्होल्ट दाबावर तेच चलित्र पूर्ण शक्तीने चालते. व्हीएफडीमुळे वेग कमीजास्त करता येतो व यंत्र सावकाश सुरू होते, हा अधिकचा लाभ असतो. मात्र दोन वेगांची वेटोळी असलेल्या चलित्रास हा उपाय सहसा सोयीचा होत नाही. जमिनीशी जोडणी पक्की असणे सर्वच बाबतींत अनिवार्य आहे.

जागा व वाहतूक : बिडकीन परिसर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यावर अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट घातलेली फरशी उचलली जाते आणि यंत्राची पातळी बिघडते. म्हणून माती काढून घट्ट मुरुमापर्यंत खोदणे व त्यावर काँक्रीटची जाड लादी घालणे आवश्यक ठरते. छताची उंची, दाराची रुंदी आणि मेज दोन्ही टोकांना पूर्ण सरकल्यावर लागणारी जागा आधी मोजावी लागते. यंत्राच्या नोंदविलेल्या लांबीपेक्षा ही जागा बरीच अधिक असते. पावसाळ्यात उघड्या पृष्ठांवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवून यंत्र झाकून ठेवतात.

वाहतुकीपूर्वी गुडघा पूर्ण खाली घेतात, मेज मध्यावर आणून घट्ट करतात व टरेट यंत्राचे शीर्ष उलटे वळवितात, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो. उचलण्यासाठी हायड्रा क्रेन किंवा चेन पुली वापरतात व दारातून आत नेण्यासाठी लोखंडी नळ्यांवरून पहारीने सरकवितात. मिलिंग यंत्र उंच व पायाशी अरुंद असल्याने कलंडण्याचा धोका मोठा असतो. हे काम सराईत माणसांकडूनच करून घेणे योग्य होय.

जोडसाहित्य : नुसते यंत्र काहीच कापू शकत नाही. मशीन व्हाइस, कोलेट व त्यांची पकड, निरनिराळ्या व्यासांचे एंड मिल, ‘टी’ नट व क्लॅम्प, समांतर पट्ट्या, डायल गेज एवढे साहित्य आरंभीच लागते. दंतचक्रे किंवा समान कोनांवरील छिद्रे करावयाची असल्यास डिव्हायडिंग हेड हवे. काही वर्षांत या साहित्यावरील खर्च यंत्राच्या किमतीची बरोबरी करतो, असा छांदिष्टांचा सर्वसाधारण अनुभव आहे. यामुळे व्हाइस, कोलेट व हेड यांसह मिळणारे किंचित महाग यंत्र शेवटी स्वस्त पडते.

खर्चाचा हिशोब : खरेदी, वाहतूक, पाया, वीजजोडणी किंवा व्हीएफडी, दुरुस्ती व जोडसाहित्य यांच्या बेरजेतून यंत्र पुढे विकल्यास मिळू शकणारी रक्कम वजा केली, म्हणजे खरा खर्च निघतो. समजा, तो ६०,००० रुपये आहे व बाहेर मजुरीने मिलिंग करून घेण्याचा दर ताशी ३०० रुपये आहे. तर यंत्रावर २०० तास काम झाल्यावर दोन्ही बाजू समान होतात. आठवड्यास दोन तास प्रत्यक्ष कर्तन करणाऱ्यास त्यासाठी सु. दोन वर्षे लागतील. वर्षातून चारच भाग लागत असतील, तर हिशोबाने यंत्र घेणे चूक ठरते.

परंतु छंदाचा हिशोब केवळ रुपयांत पुरा होत नाही. मजुरीने काम करणाऱ्या कारखान्यास एकेक वेगळा नग करणे परवडत नाही व छांदिष्टास तर नेमके तेच हवे असते. शिवाय काम दुसऱ्याकडून करून घेतल्यास वस्तू मिळते, कौशल्य मिळत नाही. म्हणून वरील आकडा म्हणजे खरेदीच्या बाजूचा किंवा विरुद्धचा निकाल नसून, स्वतः काम करण्याच्या समाधानासाठी द्यावी लागणारी किंमत होय. ती आपल्या बचतीस झेपते किंवा नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

पर्याय : लेथ असलेल्या व्यक्तीस त्याच्या सॅडलवर उभी सरकपट्टी बसवून लहान प्रमाणात मिलिंग करता येते, वेग व ताठपणा कमी पडला, तरी लहान खाचा व चावीचे गाळे यांना ही सोय पुरते. जुने शेपर यंत्र हा दुसरा पर्याय होय. भारतातील कारखान्यांत व प्रशिक्षण संस्थांत शेपर सर्रास वापरात होते आणि आता ते कित्येकदा जवळजवळ भंगाराच्या भावात मिळतात. त्यास लागणारे एकधारी हत्यार घरी घासून तयार होते. सपाट पृष्ठे व खाचा त्यावर उत्तम होतात. काम सावकाश होते, पण छंदात वेळेचा प्रश्न गौण असतो. मेजावरील छोटे नवे यंत्र एक फेजवर चालते, दोन-तीन माणसांना उचलता येते व पितळ, ॲल्युमिनियम यांसारख्या मऊ धातूंच्या लहान भागांना पुरेसे असते; पोलादात मात्र त्यावर अगदी थोडा थोडा धातू काढावा लागतो.

सुरक्षितता : झिजलेल्या यंत्रावर कर्तकाच्या फिरण्याच्या दिशेनेच कार्यवस्तू सरकविल्यास कर्तक तिला स्वतःकडे खेचतो, प्लेमुळे मेज एकदम पुढे जाते व कर्तक तुटून उडतो. म्हणून अशा यंत्रावर कार्यवस्तू फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकविण्याची पद्धत पाळतात. फिरत्या कर्तकाजवळ हातमोजे घालणे धोक्याचे आहे, कारण हातमोजा अडकून हात ओढला जातो. सैल बाह्या, उपरणे, पदर, मोकळे केस, कडे हेही तितकेच घातक होत. डोळ्यांवर चष्मा व हाताशी तातडीने यंत्र थांबविणारे बटण असणे आवश्यक असते. जुन्या यंत्राचे स्विच बहुधा झिजलेले असतात. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच बसवून घेणे हे खेड्यातील अनियमित पुरवठ्यात विशेष महत्त्वाचे ठरते.

निर्णय : वरील विवेचनावरून असे दिसते, की जुन्या मिलिंग यंत्राचे दोष दोन प्रकारचे असतात. नट, धारवे, चलित्र, स्विच, तेलनळ्या यांचे दोष बदलता येण्याजोगे असून त्यांचा खर्च किमतीतून वळता करून घेता येतो. झिजलेली सरकपृष्ठे, भेगाळलेला सांगाडा व कालबाह्य तर्कू हे दोष यंत्राबरोबर कायमचे येतात. पहिल्या प्रकारचे दोष असलेले यंत्र घेण्यास हरकत नसते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र कितीही स्वस्त असले, तरी ते घेणाऱ्याचा छंद धातुकाम न राहता यंत्रदुरुस्ती हा होऊन बसतो. ज्यांना त्याचीच आवड असते, त्यांना असे यंत्रही समाधान देते. परंतु आपणास या दोहोंपैकी काय हवे आहे, हे खरेदीपूर्वी ठरलेले असावे लागते. पुढील वर्षभरात करावयाच्या वस्तूंची यादी व त्यांतील सर्वांत मोठ्या भागाचे माप कागदावर मांडल्यास यंत्राचा आकारही त्यावरून ठरतो व यंत्राची गरजच नसल्यास तेही त्यातून दिसून येते.

कारखान्यांतून हस्तचालित यंत्रे बाहेर पडत असताना त्यांवर हाताने व कानाने काम करण्याचे कौशल्यही त्यांच्याबरोबर नाहीसे होत आहे. कर्तकाच्या आवाजावरून त्याची धार ओळखणे व हातचाकाच्या भारावरून मेजाची झीज जाणणे, या गोष्टी प्रत्यक्ष कामाखेरीज येत नाहीत. नीट पारखून घेतलेले जुने यंत्र एखाद्या घरातील खोलीत चालू राहिले व जुन्या कामगाराकडून शेजारची मुले त्यावर चार ठोकळे काटकोनात कापावयास शिकली, तर हे कौशल्य त्या परिसरात टिकून राहण्यास मदत होते. [→ यांत्रिक हत्यारे, लेथ].